तहसीलदार नावाच्या बैलाची हाडं

बैल घ्यायला बाजारात गेलात, तर विश्वास कोणावर ठेवाल? मालकाच्या जिभेवर, दलालाच्या शपथेवर, की बैलाच्या दातांवर?

'दातांवर' म्हणालात तर तुम्ही हुशार. 'दलालावर' म्हणालात तर माझ्या दुकानात येऊन आधी चहा घ्या, मला तुमची काळजी वाटते!

दुकान बालाघाट शहरात आहे, अर्धं शहर हिंदी बोलतं. ढेप, चुनी, कोंडा, वेसणी, दावी, सगळं मिळतं. माझी शाळा आठवीपर्यंत. पुढचं शिक्षण दुकानासमोरच्या बाकड्यावर झालं. त्या बाकड्यावर शेतकरी बसतो, डॉक्टर बसतो, मास्तर बसतो, आणि जो तो मला काहीतरी फुकटात शिकवून जातो. किस्सेही तिथंच साठतात, कोंड्यासारखे. दुकान रोज झाडतो, तरी संध्याकाळी कानात, भुवयांत, वहीच्या पानांत कोंडा सापडतोच!

आज एकाच बैलाचे किस्से सांगतो. पण आधी आमच्या दुकानाची एक खूण सांगून ठेवतो, ती पुढं लागणार आहे. आमच्या कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, तोंड आम्ही सुतळीनं बांधत नसू. निळं प्लास्टिक चढवलेली तार, पक्कडीनं तीन पीळ. डोकं माझं! सुतळी कोणीही सोडतो, दोन ओंजळी माल काढतो आणि पुन्हा बांधतो. तारेचा पीळ एकदा मोडला की मोडला. खैरलांजीपर्यंत लोक म्हणायचे, "निळी तार हाये ना? मंग वजन कायले करता!"

मला या तारेचा फार अभिमान होता.

*

बैल डोमाजींचा. खैरलांजीकडचं एक खेडं, थोडं धान आणि एक बैल. बैलाचं नाव तहसीलदार, कारण गाडीला जुंपायच्या वेळी तो सगळ्यांना अर्धा तास ताटकळत ठेवायचा आणि मग जणू उपकार करतो असा पुढं यायचा. डोमाजींनी तो गोऱ्हा असतानाच आणला होता. सोळा वर्षं घरात होता.

दिवाळीनंतर एका सकाळी डोमाजींचा फोन आला. "सेठ, डॉक्टरले घेऊन या जी. तहसीलदार गेला."

मी जनावरांच्या डॉक्टरांना मोटारसायकलवर मागं बसवलं, त्यांच्या मागं एक कोंड्याचा कट्टा बांधला (निघालोच आहे तर डिलिव्हरी होऊन जाईल, हा धंद्याचा विचार) आणि पोहोचलो. डॉक्टर हिंदी बोलणारे, कमी बोलणारे. म्हणाले, "खोलकर देखना पड़ेगा." डोमाजी पळसाच्या झाडाखाली पाठ करून बसले. त्यांना बघवेना. तसराळं धरायला उरलो मी.

डॉक्टरांनी मला तिथंच धडा दिला. बैलाच्या पोटाचे चार कप्पे. दुसरा कप्पा आतून मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार. जड वस्तू पोटात गेली की ती त्या जाळीत बसते. आणि त्या कप्प्याच्या पुढं, मध्ये एक पातळ पडदा सोडून, थेट काळीज! टोकदार काही असेल तर पोट आवळताना ते पुढं पुढं सरकतं.

सरकलं होतं. डॉक्टरांनी चिमट्यानं काळजातून एक तार ओढली. वीतभर. निळी.

"सेठजी, ये क्या है?"

"कुणास ठाऊक!" मी म्हणालो.

डॉक्टरांनी तारेकडे बघितलं. मग माझ्या मोटारसायकलवरच्या कट्ट्याकडे बघितलं. मग काळजातूनच बोटाच्या पेराएवढं एक हाडही काढलं, म्हणाले, "बैल के दिल में हड्डी होती है, मालूम था?" आणि हाड नि तार दोन्ही औषधाच्या रिकाम्या डबीत टाकून डबी माझ्या हातात दिली.

पळसाखालून आवाज आला. "काय निंगालं जी?"

"लोखंड निघालं काहीतरी."

"काहेचं लोखंड?"

"असंच," मी म्हणालो. "बारीकसारीक."

कट्टा मी डिलिव्हर केला नाही. परत घेऊन आलो.

*

त्याच दुपारी मेश्राम मॅडम डोमाजींच्या दारात हजर! त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. राहतात बालाघाटात, आमच्याच वॉर्डात. शाळेतला सांगाड्याचा तक्ता वाळवीनं खाल्लेला, फक्त शेपटी उरलेली. पाच वर्षं त्या पोरांना शेपटीवरून बैल शिकवत होत्या. म्हणाल्या, "डोमाजीभाऊ, तहसीलदार आम्हाला द्या. तो शाळेत उभा राहील."

डोमाजींनी खुंटीवरचं रिकामं दावं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "देतो बाई. पन पुरा उभा राह्यला पाहिजे. एक जरी हाड कमी भरलं, तर सारं गाडीत भरून नेईन आन् वैनगंगेच्या काठाले गाडून टाकीन. अर्धामुर्धा बैल मले शाळेत नाई पाहिजे."

"हाडांची नोंद कोण ठेवणार?" मॅडम म्हणाल्या.

डोमाजींनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हे सेठ लिवतीन. मले वाचता येत नाई. पन निळ्या तारेवर माहा भरोसा हाये."

डबी माझ्या खिशात खुळखुळली. खरंच सांगतो, खुळखुळली!

*

मांस झडावं म्हणून चार महिने तहसीलदार जमिनीखाली राहिला. होळीनंतर उकरला. हाडं निघाली, पण वास असा की शाळेत ठेवायची सोय नाही. मॅडमनी ती पोत्यांत भरून घरी आणली, धुण्याच्या सोड्यात बुडवली आणि गच्चीवर वाळत घातली. एका चादरीवर तांदळाचे पापड, शेजारच्या चादरीवर तहसीलदार.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला! शेजारणीनं कळवलं होतं. त्या वेळी गच्चीवर मॅडम, मी आणि नत्थू मिस्त्री असे तिघं होतो. नत्थू सुतार, सांगाडा उभा करण्याचं काम त्याच्याकडं.

"किसकी हड्डियाँ हैं?" हवालदारानं दरडावून विचारलं.

"तहसीलदार की," नत्थू निरागसपणे म्हणाला.

हवालदाराचा हात टोपीकडं गेला. काढायची की नीट बसवायची, हे त्याला ठरवता येईना.

मॅडम शांतपणे पुढं झाल्या. "साहेब, बैलाची आहेत. पुरावा देते. माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. बैलाला तेरा. मोजा." त्यानं चादरीवरच्या मोजल्या. तेरा. पण माणसाच्या बारा कशावरून? त्यानं शर्टात हात घालून स्वतःच्या मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या बरगडीपाशी त्याला गुदगुल्या झाल्या. सहाव्यानंतर पोट आडवं आलं.

शेवटी नत्थूला बनियन वर करायला लावलं. नत्थूच्या बरगड्या समोरच्या गच्चीवरूनही मोजता येतात. बारा!

हवालदाराचं समाधान झालं. त्यानं डायरीत लिहिलं, ते मी मागून वाचलं: "जाँच की गई. बैल सही पाया गया. नत्थू मिस्त्री की एक पसली कम पाई गई."

*

मग मॅडम आठ दिवस ट्रेनिंगला गेल्या. त्या आठ दिवसांत नत्थूनं डोकं चालवलं.

तो कवटी घेऊन दुकानात घाबरा होऊन आला. "सेठ, गडबड है. नीचे सामने आठ दाँत, ऊपर एक भी नहीं! किसी ने निकाल लिए."

मी ढेप विकतो, त्यामुळे मला हे माहीत असायला हवं होतं. पण आम्ही बैलाचं वय बघतो ते खालच्या दातांवरून. वरच्या दातांचा विचार करायची वेळच कधी आली नाही. रजिस्टरात लिहिलं, 'वरचे पुढचे दात: आढळले नाहीत.' आणि पेन खाली ठेवलं. एक हाड कमी तर बैल परत, इथं एकदम आठ दात कमी!

नत्थू म्हणाला, "टेन्शन मत लो." त्यानं सागाचे आठ दात कोरले. पॉलिश केलं. वरच्या जबड्यात भोकं पाडायची तेवढी बाकी होती, इतक्यात डोमाजी बघायला आले. त्यांनी दात हातात घेतले, कवटीकडं बघितलं, आणि इतके हसले की बाकड्यावर बसावं लागलं.

"अरे, घोडा बनवून राह्यले का? बैलाले वर दात असते काय? गादी असते, गादी! जिभेनं गवत गुंडाळतो, गादीवर दाबतो, आन् झटका देतो. तुमी शहराचे लोक बैलाच्या तोंडाकडं कधी पाह्यत नाई का?"

मग त्यांचं लक्ष नत्थूच्या तोंडाकडं गेलं. नत्थूचे वरचे पुढचे दात मागच्या वर्षीच गेलेले.

"हे आठ तुह्यालेच बसव," डोमाजी म्हणाले. "माप बरोबर दिसते."

*

वास गेल्यावर हाडं शाळेत आणली. पाय जोडतानाही तेच. नत्थूनं आयुष्यात खाटा, पाट आणि खुर्च्या बनवलेल्या. त्यानं मागचे पाय माणसासारखे जोडले, सारे सांधे पुढं वाकवून. तहसीलदार लग्नाच्या पाटावर बसलेल्या नवरदेवासारखा दिसू लागला.

मॅडम परतल्या आणि कपाळाला हात लावला. "मिस्त्री, मागच्या पायाचा जो मागं वाकलेला सांधा दिसतो ना, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाशी. आणि पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट!"

"मंग खूर म्हंजे?" डोमाजींनी विचारलं.

"दोन बोटांची नखं. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. फार फार पूर्वी यांच्या पूर्वजांना बोटं जास्त होती. मोकळ्या रानात पळायचं म्हणजे पाय लांब हवा नि टोकाला हलका हवा. जे टाच उचलून पळाले ते वाचले. टेकत टेकत चालले त्यांना वाघानं खाल्लं. पिढ्यांमागून पिढ्या जाता जाता उरली दोन नखं."

डोमाजींना पटेना. ते वर्गाच्या फरशीवर ओणवे झाले, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं टेकवली आणि नखांवर भार द्यायचा प्रयत्न केला. दोन सेकंद टिकले.

"अरे बापा!" नखं चोळत ते उठले. "माहा बैल जिंदगीभर नखावर चालला, आन् मी वरून धान लादत होतो?"

मग त्यांनी तहसीलदाराच्या पुढच्या मनगटावरून हात फिरवला. मनगट कळल्यापासून त्यांनी त्याला पुन्हा गुडघा म्हटलं नाही.

त्याच बैठकीत डोमाजींनी मॅडमना तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "बाई, पोटात लोखंड जातेच कसं? बैल का आंधळा हाये का?"

"आंधळा नाही भाऊ. तो आधी गिळतो, मग निवांत बसून चावतो. वाघाच्या भीतीनं लागलेली सवय. उघड्यावर भराभर पोटात टाकायचं, आडोशाला जाऊन रवंथ करायचा. आपल्याला भातात खडा लागला की लगेच कळतं. त्याला कळत नाही."

"पन माह्या कोठ्यात कुठं वाघ हाये?"

"तहसीलदाराला ते कोण सांगणार?"

"हौ," डोमाजी म्हणाले. "वाघ नोहता. दुसरंच काई होतं."

मी रजिस्टरात डोकं घालून शेपटीचे मणके पुन्हा मोजायला घेतले. तिसऱ्यांदा.

*

सगळ्यात मोठा गोंधळ हासळीचा!

नत्थूनं स्वतःच्या गळ्याखालचं आडवं हाड चाचपलं. हासळी. तहसीलदाराच्या हाडांत शोधलं. नाही. डावीकडचं नाही, उजवीकडचंही नाही. दोन्ही फरे, म्हणजे खांद्याची चपटी हाडं, सुट्टे, छातीच्या पिंजऱ्याशी कुठंच जोडता येईनात.

"हे नाई चालत," डोमाजी गंभीर झाले. "हासळीबिगर जू कशावर ओढलं त्यानं? सोळा वर्सं?"

आम्ही खड्डा पुन्हा उकरला. चाळणीनं माती चाळली. निघालं काय? एक चप्पल, कुणाची तरी विळी आणि डोमाजींचा हरवलेला तंबाखूचा डबा. हासळी नाही. डोमाजींनी नत्थूवर संशय घेतला, नत्थूनं गावातल्या कुत्र्यांवर घेतला. कुत्रा बिचारा दोन दिवस बांधून ठेवला! मॅडम म्हणत होत्या, "बैलाला हासळी नसतेच," पण दातांच्या वेळी आम्ही शहरातले तोंडघशी पडलो होतो, त्यामुळे डोमाजी आता कोणाचंच ऐकेनात. "डोयानं पाह्यल्याबिगर नाई!"

म्हणून आम्ही तिघं, डोमाजी, नत्थू आणि मी, बैलबाजारात गेलो. प्रत्येक बैलाच्या गळ्याखाली हात घालून चाचपायचं ठरलं. एक, दोन, पाच, अकरा. एकालाही हासळी नाही! एका बैलानं नत्थूला ढुशी दिली. त्याचीही हासळी लागली नाही.

तिकडं व्यापाऱ्यांत कुजबुज सुरू. "सरकारी माणसं दिसतात." "नवा रोग आला वाटतं." "हासळी तपासून राह्यले!" एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, नियम काय हाये? हासळी पाहिजे का नाई पाहिजे?" मी म्हणालो, "नसली पाहिजे." म्हटलं, खरं तेच सांगावं.

पुढच्या आठवड्यात बाजारात गेलो तर एक जण ओरडून विकत होता, "बिना हासळीचा बैल! गॅरंटी!" त्याच्या समोरचा कसा मागं राहील? तो ओरडला, "आमच्या बैलाच्या तर बापालेही नोहती!"

शेवटी डॉक्टरांनीच समजावलं. शाळेच्या दारात एक रिकामी बैलगाडी होती. त्यांनी एक पोतं घेतलं, गाडीच्या दोन दांड्यांमध्ये झोळीसारखं बांधलं, त्यात विटा टाकल्या आणि गाडी खड्ड्यातून ओढायला लावली. दांड्या आदळल्या, विटा नुसत्या झुलल्या.

"ऐसे ही," डॉक्टर म्हणाले. "बैल की छाती दो फरों के बीच मांस की झोली में लटकी है. हड्डी से जोड़ दो, तो हर खड्डे में टूटेगी. हासळी उसको चाहिए जो हाथ फैलाकर पेड़ पर चढ़े. बंदर को. आपको, मुझको."

डोमाजी झोळीकडं बघत राहिले. "म्हनून खड्ड्यात गाडी फसली का तो पह्यले छाती झुलवे," ते हळूच म्हणाले. "मले वाटे नखरा करते."

मी रजिस्टरात लिहिलं, 'हासळी: नसतेच.' डोमाजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. सगळं जुळलं होतं! नत्थूनं ठोकायला हातोडी उचलली.

आणि जाता जाता डॉक्टर वळले. "अरे सेठजी, वो दिल वाली हड्डी? डिब्बी में दी थी आपको."

*

सगळे माझ्याकडं बघू लागले.

"काळजात हाड?" डोमाजी म्हणाले. "आन् थे तुमच्याजवळ हाये?"

"आहे ना! आहे!" मी म्हणालो. "जपून ठेवलंय. नाजूक वस्तू म्हणून."

दुकानात आलो. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून डबी काढली. चार-पाच महिन्यांत उघडली नव्हती. तार काढून कप्प्यात परत टाकली, कुलूप लावलं, आणि नुसतं हाड घेऊन शाळेत गेलो.

मॅडमनी पोरांना समजावलं की काळजाच्या झडपा जिथं बसतात तिथं एवढ्या मोठ्या जनावराला आधार लागतो, त्यासाठी हे हाड. मग त्यांनी ते दोऱ्याला बांधून बरगड्यांच्या आत टांगलं. वारा आला की हलायचं.

डोमाजींनी डबी मागितली. रिकामी डबी! झाकण उघडून आत बघितलं, बोट फिरवलं. आत एक बारीक निळा कण चिकटलेला होता. तो त्यांनी नखानं काढला, बघितला आणि फुंकून टाकला.

"बरी जपली जी," एवढंच म्हणाले.

*

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात तहसीलदार विज्ञानाच्या खोलीत उभा राहिला. चार नखांच्या जोड्या, तेरा जोड्या बरगड्या, वरचे पुढचे दात नाहीत, हासळी नाही. नत्थूनं खाली सागाचा पाट केला होता. सागाचे दात त्यानं खरंच स्वतःला बसवून बघितले होते, ते बसले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

डोमाजी धुतलेला सदरा घालून आले. म्हणाले, "वाचा सेठ. पह्यल्या पानापासून."

मी वाचत गेलो. ते एकेका हाडाला हात लावत गेले. कवटी. मान. फरे. मनगट म्हणताना मला अडखळायला झालं, त्यांना नाही. तासभर लागला. शेपटीचा शेवटचा मणका झाला, काळजाचं हाड झालं. मी रजिस्टर पुढं केलं, शाईचा पॅड उघडला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सारं लिवलं?"

"सारं."

डोमाजींनी अंगठा लावला नाही. सदऱ्याच्या खिशातून एक जुडी काढली आणि पाटावर ठेवली. निळ्या तारा! धुतलेल्या, सरळ केलेल्या, एकसारख्या.

"माह्या घरी काई फेकत नाई आमी," ते म्हणाले. "कट्टा उघडला का तार कोठ्यातल्या खिळ्याले टांगतो. कधी कामाले पडते. गेल्या साली तुमच्या दुकानातून बारा कट्टे आनले. मोजा."

मी मोजल्या. सगळ्यांसमोर मोजल्या. अकरा.

"त्याच दिवशी मोजल्या होत्या मी," डोमाजी म्हणाले. "पळसाखालून उठलो, आन् पह्यले खिळ्याजवळ गेलो. कट्टा मीच उघडला होता जी. तार हातून गव्हाणीत पडली असंन, मले दिसली नाई. थे माह्यावर हाये. पन बारावी तार कुठं हाये, हे मी तुमाले सात-आठ महिने विचारून राह्यलो. तुमी आपले मनके मोजता."

मॅडमनी खिडकीकडं तोंड केलं. नत्थूनं पहिल्यांदाच काही सुचवलं नाही.

शाळेपासून दुकान मोटारसायकलवर तासाभराचं. मी गेलो, कुलूप काढलं, आणि परत आलो. डोमाजी तिथंच पाटावर बैलाला टेकून बसले होते. मी तार जुडीत ठेवली. बारा. मग रजिस्टरात शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'तार, निळी, एक. काळजातून निघाली. आमच्या दुकानाची.' मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आता पुरा झाला," डोमाजी म्हणाले, आणि अंगठा लावला.

दारापर्यंत गेले. चपला घातल्या. मी म्हटलं, आता हा माणूस आयुष्यात दुकानाची पायरी चढणार नाही.

"सेठ," ते वळून म्हणाले, "नवा गोऱ्हा आनला. सोमवारी एक कट्टा कोंडा पाठवून द्या." आणि जरा थांबून, "सुतळीनं बांधा."

त्या गोऱ्ह्याचं नाव त्यांनी सेठ ठेवलंय.

कधी त्या रस्त्यानं गेलात, तर शाळेत जाऊन तहसीलदाराला भेटून या. रजिस्टर दारामागच्या खिळ्याला टांगलेलं आहे, पेन दोऱ्याला बांधलेलं आहे. नत्थूचा खिळा एखादा निसटला असेल, एखादं हाड कमी दिसेल, कदाचित जास्तही दिसेल. जे दिसेल ते तिथंच लिहा. जसं आहे तसं लिहा, आणि खाली आपलं नाव घाला.